टाकीचा कंट्रोलर, नोंद 6: रिसेटचा घोळ

बिल्डिंगच्या टाकीचा कंट्रोलर, म्हणजे पातळी बघून पंप चालवणारा माझा बोर्ड, आठवड्यातून एकदा तरी झोपतो, हे मागे लिहिलंच होतं. पहाटे पाणी येतं, पंप सुरू होतो आणि डिस्प्लेवर पातळी 255 टक्के! वॉचमनकाका मेन स्विच बंद-चालू करतात, पण इइप्रॉममधला (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीतला) आकडाच बिघडला तर त्याने काय होणार? 'जुना फ्लोट स्विचच बरा होता,' असं सेक्रेटरींनी ऐकवून झालंय.

शेवटी स्कोप (व्होल्टेजचा आलेख दाखवणारं यंत्र) पंपरूममध्ये नेला. पंप सुरू होताना 5 व्होल्टची लाइन 3.4 पर्यंत बसते, जेमतेम 30 मिलिसेकंद. कंट्रोलरची मुख्य चिप, एटीमेगा328पी, 16 मेगाहर्ट्झवर चालवायची तर साधारण 3.8 तरी हवेत. आणि चिपला पहिल्यापासून सुरू करणाऱ्या रिसेट पिनेला माझं तेच 10 के रेझिस्टर आणि 100 नॅनोफॅरड कपॅसिटर! ती पिन सप्लायबरोबरच खाली-वर होते, तिला काही झाल्याचा पत्ताच नाही. कोऱ्या चिपमध्ये ब्राउनआउट (व्होल्टेज कमी पडलं की चिप रिसेटमध्ये धरणारा आतला पहारेकरी) बंद असतो, तो मी कधी चालू केलाच नव्हता. आता 4.3 वर लावलाय.

पण पडून उठल्यावर सप्लाय नीट स्थिरावेपर्यंत चिप रिसेटमध्ये दाबून ठेवणारं कुणीतरी हवं होतं. म्हणून लॅमिंग्टन रोडवरून मॅक्स809 ही रिसेटवर लक्ष ठेवणारी चिप आणली. तीन पायांची, तांदळाएवढी. व्होल्टेज उंबरठ्याखाली गेलं की रिसेट ओढते आणि परत वर आल्यावरही किमान 140 मिलिसेकंद सोडत नाही.

घरी जोडली आणि रिले (पंपाचा विजेवर चालणारा स्विच) टक, टक, टक. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "पाल चुकचुकतेय का रे?" दुकानातून 'एल' प्रकारची आली होती, उंबरठा 4.63. माझ्याकडे तारा उलट्या जोडल्या तर बोर्ड वाचावा म्हणून शॉट्की डायोड आहे, तो थोडं व्होल्टेज खातो, त्यामुळे बोर्डावर 4.7 च पोचतात. रिले ओढला की 4.6, लगेच रिसेट, रिले सुटला, पुन्हा 4.7, पुन्हा सुरुवात. अर्धी रविवारची दुपार मी कोडात चूक शोधत होतो! 'एम' लावली, 4.38 वाली, आणि पाल गप्प.

एक सांगून ठेवतो: 809 चं आउटपुट पुश-पुल आहे, म्हणजे लाइन खालीही ओढतं आणि वरही ढकलतं, त्यामुळे प्रोग्रॅमर (चिपमध्ये कोड भरणारं साधन) लावला की दोघांची ओढाताण होते. मी मध्ये 1 के रेझिस्टर टाकला. नव्याने करणाऱ्यांनी ओपन ड्रेनवाली (लाइन फक्त खाली ओढणारी) 803 च घ्यावी.

वॉचडॉगचीही लाज वाटते. वेळच्या वेळी थोपटलं नाही, तर कोड अडकला असं समजून चिप रिसेट करणारा हा टायमर. त्याला थोपटायचं काम टायमर इंटरप्टमध्ये (ठराविक वेळाने आपोआप चालणाऱ्या तुकड्यात) ठेवलं होतं. मेन लूप, म्हणजे मुख्य काम करणारा कोड, अडकला तरी इंटरप्ट इमानदारीत थोपटत राहायचा. आता लूपच्या शेवटी आणलंय.

रिसेट झाला की पंप थांबतो, मग पुन्हा सुरू, पुन्हा झटका, असं चक्र नको म्हणून उठल्यावर दोन मिनिटं पंपाला हात लावायचा नाही, असं कोडात घातलं. रिलेच्या ट्रान्झिस्टरच्या बेसला 10 के पुलडाउनही (खाली ओढून ठेवणारा रेझिस्टर) दिला, कारण रिसेटमध्ये पिना तरंगतात, ना चालू ना बंद.

नऊ दिवस झाले. तीन रिसेट, तिन्ही पहाटे, चिपमध्ये रिसेटचं कारण नोंदणारे बाहेरचा आणि ब्राउनआउट असे दोन्ही बिट चढलेले. आकडे जागेवर, टाकी तिन्ही वेळा भरली. सप्लाय मोठा करणं बाकी आहे.