वीस काडतुसं आणि चिठ्ठी नसलेला डबा

वडील गेल्यावर त्यांची मार्टिनी-हेन्री रायफल मुलाने माझ्याकडे तपासायला आणली. सोबत वडिलांनी घरी भरलेली वीस काडतुसं होती. १८७१ साली ब्रिटिश सैन्यात आलेली ही रायफल. तिचं .५७७/४५० काडतूस दुकानात सहज मिळत नाही, ते बहुतेकदा हातानेच घडवावं लागतं.

त्या माणसाचं काम पाहून मी थबकलो. २४ गेज मापाच्या पितळी शॉटगन पुंगळ्या टप्प्याटप्प्याने दाबून पुढे गोळी धरणारी निमुळती मान काढलेली, एकीवरही सुरकुती नाही. हे फार अवघड. तेल जरा जास्त झालं की खांद्यावर खळगा पडतो आणि पितळ नीट मऊ केलेलं नसेल तर मान चिरते. मानेवर तापवल्याची निळसर झाक होती, बूड मात्र कडक राखलेलं. डब्यावर तेवढी चिठ्ठी नव्हती. बंदुकीची दारू कोणती, किती, कधी भरली, काही नाही. असल्या डब्यांचा मला मनापासून राग येतो.

चिठ्ठी नाही म्हणजे गोळ्या उपसायच्याच. मूळ भरणा ८५ ग्रेन, म्हणजे साधारण साडेपाच ग्रॅम काळ्या दारूचा. ती गोळीच्या बुडापर्यंत गच्च असते, मध्ये पोकळी ठेवायचीच नाही. पहिल्याच पुंगळीतून कापसासारखा बोळा निघाला आणि त्याखाली चिमूटभर करडी, बिनधुराची दारू, काळीपेक्षा कितीतरी जोमदार. काळ्या दारूचं माप दुप्पट होऊच शकत नाही, पुंगळीतून सांडेल. ही चिमूट मात्र त्या प्रशस्त पोटात दोनदा पडली तरी कळत नाही, आणि वर बोळा बसला की संपलंच. अख्खं काडतूस तोलूनही उपयोग नसतो. पितळ आणि शिसं यांच्या वजनातला फरकच तो जादा भरणा झाकून टाकतो.

एकोणीस पुंगळ्यांत माप सारखं निघालं. चौदाव्या पुंगळीत बरोबर दुप्पट, रायफल फोडू शकेल इतकं.

मुलाने याच डब्यातली दोन आधीच झाडली होती. मी एका नेहमीच्या पुंगळीतली आणि चौदावीतली दारू, असे दोन ढीग कागदावर शेजारी-शेजारी ठेवून दाखवले. म्हटलं, "तुमचे वडील निष्काळजी नव्हते. भरताना मध्येच कुणी हाक मारली असेल."

तो बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "जेवायला हाक मीच मारायचो."

त्यावर काय बोलावं, ते मला अजून सुचलेलं नाही. रिकाम्या पुंगळ्या त्याने मागून घेतल्या. चौदावी वेगळ्या खिशात ठेवली.