वैनगंगेच्या रेतीतला वास्को

बीच सॉकर, म्हणजे रेतीवरचा फुटबॉल, म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे समुद्र येतो. मला आधी साओ पाउलो आठवतं. ब्राझीलचं हे शहर समुद्राला लागून नाही, वर पठारावर आहे. तरी क्लब संघांची पहिली मुंडियालितो, म्हणजे छोटा विश्वचषक, २०११ मध्ये तिथेच भरली आणि वास्को द गामा या ब्राझीलच्याच क्लबाने ती जिंकली. पुढे २०१३ मध्ये युरोपातल्या क्लबांची अशीच स्पर्धा इटलीत सुरू झाली. तिचा पहिला चषक नेला मॉस्कोच्या लोकोमोटिवने. मॉस्कोहून समुद्र किती लांब आहे, ते नकाशात बघा. या खेळाला लागते ती रेती, आणि आमची वैनगंगा होळीनंतर एका कडेला सरकली की उरलेलं पात्र सगळं रेतीचंच असतं.

ब्रह्मपुरी तालुक्यात नदीकाठच्या एका गावात मी पीटी शिकवतो. शाळेचं मैदान मुरमाड आहे. पोट्टे पडले की गुडघे सोलतात आणि बूट कोणाकडेच नाहीत. फुटबॉलच्या तासाला अर्धी पोरं कडेला उभी राहतात, ती या भीतीने. बीच सॉकर अनवाणीच खेळतात हे मी वाचलं, तेव्हाच हा खेळ आपल्या शाळेसाठी आहे असं मला वाटलं.

वर्गातल्या टीव्हीवर मी पोरांना क्लबांच्या सामन्यांचे तुकडे दाखवले. एका संघात गोलकीपर धरून पाचच खेळाडू, बदली कितीही वेळा, बारा-बारा मिनिटांचे तीन भाग. ऑफसाइड नाही. फाउल झाला की थेट फ्री किक, आणि समोर भिंत करता येत नाही. मारणारा आणि गोलकीपर यांच्या मधली वाट मोकळीच ठेवावी लागते. हे ऐकून मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "मंग तं गोलकीपरचं मरणच हाय." पोरी गप्प बसून बघत होत्या. शेवटी एकीने विचारलं, "सर, पोरीईचं बी रायते का जी असं?" मी सांगितलं, राहते. युरोपात महिला क्लबांची स्पर्धा २०१६ पासून होते. त्यावर तिने तिथल्या तिथे आपलं नाव लिहून घ्यायला लावलं, तेही गोलकीपर म्हणून. आमच्या संघांत मुलं-मुली एकत्र खेळली, ती तिच्यामुळे.

चार संघ झाले. नावं पोरांनीच टीव्हीवरून उचलली: वास्को, लोकोमोटिव, बार्सिलोना, फ्लेमेंगो.

मैदान आखणं मात्र सोपं गेलं नाही. ३६ मीटर लांब आणि २७ मीटर रुंद सपाट रेती मिळावी म्हणून आम्ही पात्रात बरंच फिरलो. जिथे जावं तिथे ट्रॅक्टरने उपसलेले खड्डे. माझ्या लहानपणी या काठावरून त्या काठापर्यंत नजर जाईल तिथवर सारखी रेती होती. आता तिचे तुकडे उरलेत, आणि ते बघताना जीव तुटतो. डोहापासून लांब, डांगरवाड्यांच्या, म्हणजे पात्रातल्या टरबूज-खरबुजांच्या मळ्यांच्या पलीकडे एक चांगला पट्टा सापडला. वर्गाच्या वर्ग खाली बसून गोटे, शिंपले आणि बाभळीचे काटे वेचत होता. नियमात रेती किमान ४० सेंटिमीटर खोल हवी. आमच्याकडे हात कोपरापर्यंत घातला तरी तळ लागत नव्हता.

या खेळात चुन्याच्या रेघा नसतात, रेतीत त्या टिकणारच नाहीत. कडेला रंगीत पट्टी अंथरतात. आम्ही जुन्या खाटांची नवार सोडवून निळी रंगवली आणि खुंट्यांनी ताणून बसवली. मधली रेषा आखायचीच नसते, दोन्ही बाजूंना लाल झेंडे लावले की झालं. गोलरेषेपासून नऊ मीटरवर पिवळे झेंडे, ती पेनल्टीची हद्द. गोलपोस्ट साडेपाच मीटर रुंद आणि दोन मीटर वीस सेंटिमीटर उंच, बांबूचे बांधले. जाळी ढिवरमोहल्ल्यातून आली. मासे धरायची खरी जाळी. ज्यांनी दिली ते बजावून गेले, "सर, संध्याकाळी पायजे जी, राती लावाचं हाय." खेळ संपेपर्यंत पाण्याच्या बाजूला उभं राहायलाही त्यांच्यातलेच दोघं आले. काठावर पालक बिनघोर बसले होते, ते या दोघांच्या भरवशावर.

सामने एप्रिलमधल्या एका रविवारी, पहाटे साडेपाचला सुरू केले. ब्रह्मपुरीचं नाव उन्हाळ्यात देशातल्या सर्वांत तापलेल्या गावांत येत असतं. साडेआठनंतर त्या रेतीवर पाय टेकवत नाही.

पहिल्या दहा मिनिटांत एक गोष्ट सगळ्यांच्या लक्षात आली. शाळेच्या मैदानावर जे पोट्टे चेंडू पायाला चिकटवून धावतात, त्यांचं इथे काही चालेना. चेंडू जमिनीवरून लोटला की दोन हातांवर जाऊन रुततो. बीच सॉकरमध्ये चेंडूत हवाही नेहमीपेक्षा कमी भरतात, म्हणून तो उसळत नाही. इथे चेंडू बोटांनी उचलायचा, हवेतच ठेवायचा, हवेतच द्यायचा. धावण्याचंही तसंच. टाच आपटून धावणारा रुतत जातो आणि तीन मिनिटांत दमतो.

वास्कोत नववीतला एक पोरगा होता. त्याच्या घरची पात्रातच डांगरवाडी आहे. वर्गात तो बोलत नाही, मैदानावर त्याला कोणी पहिल्या पाचात घेत नाही, कारण तो हळू धावतो. रेतीत तो अजिबात हळू नव्हता. पाऊल जवळजवळ सपाट टाकायचा आणि लगेच उचलायचा, चवड्यावर भार ठेवून. बाकीचे धापा टाकत होते तेव्हा हा या टोकापासून त्या टोकापर्यंत चालल्यासारखा जात होता. डोक्यावर डांगराचं टोपलं घेऊन जो रोज याच रेतीतून काठ चढतो, त्याला हे कोण शिकवणार होतं?

उपांत्य सामन्यांना आम्ही वेळ कमी ठेवली होती, ते पटापट उरकले. वास्कोने फ्लेमेंगोला आणि लोकोमोटिवने बार्सिलोनाला हरवलं. अंतिम सामना मात्र पुऱ्या छत्तीस मिनिटांचा. शिट्टी माझ्याकडे एका बाजूला आणि गणिताच्या सरांकडे दुसऱ्या बाजूला, कारण या खेळात मैदानावर दोन पंच असतात. गोल भराभर होत गेले. शेवटचं मिनिट लागलं तेव्हा लोकोमोटिव चार, वास्को तीन.

तेवढ्यात लाल झेंड्याच्या थोडं पुढे या पोराला मागून पाय लागला. फ्री किक. सगळे बाजूला झाले. समोर लोकोमोटिवच्या गोलमध्ये ती वर्गात नाव लिहून घेणारी पोरगी, आणि मधे कोणी नाही.

खेळाडू चेंडूखाली रेतीचा छोटा ढीग करतात, हे पोरांनी टीव्हीवर बघितलं होतं. सकाळपासून सगळेच तसं करत होते आणि ढीग चेंडूच्या भाराने बसत होता. हा पोरगा गुडघ्यांवर बसला आणि ढीग न करता खड्डा करायला लागला. दोन्ही हातांनी, कुत्रं उकरतं तसा. काठावरून ओरडा सुरू झाला, "काहून उकरून राह्यला बे!" मलाही कळेना, पण घड्याळ थांबवलेलं होतं, मी काही बोललो नाही. मनगटापर्यंत हात आत गेल्यावर त्याने खालची काळपट रेती ओंजळीने वर काढली, तळव्याने दाबून तिची वाटीएवढी बैठक केली, वर अंगठ्याने खळगा पाडला आणि चेंडू ठेवला. चेंडू हलला नाही. नंतर विचारलं तर म्हणाला, "वरची रेती ढासळते जी सर. खालची वली हाय. घरी रोज झिरा खांदाव लागते मले, मनून मालूम हाय." झिरा म्हणजे पाण्यासाठी रेतीत खणलेला खड्डा.

चार पावलं मागे जाऊन त्याने पायाच्या पाठीने मारला. चेंडू सरळ गेला, अगदी शेवटी थोडा खाली आला आणि बांबूच्या आडव्याखालून जाळ्यात घुसला. पोरीची बोटं लागली होती त्याला, हे मी जवळून बघितलं. चार-चार.

बीच सॉकरमध्ये बरोबरी नसते. तीन मिनिटं जास्तीची, त्यातही काही झालं नाही तर पेनल्टी. जास्तीच्या वेळेत गोल झाला नाही. पेनल्टीत त्या पोरीने दोन अडवल्या, दुसरी तर याच पोराची. लोकोमोटिव जिंकला. काठावर बसलेल्या बाया लुगड्याचा पदर हलवत होत्या. तिची आजी तर रेतीत उतरून आली आणि तिच्या तोंडावरची रेती पुसत राहिली.

मी पंधराएक वर्षं नोकरी करतोय. तालुक्याला, जिल्ह्याला पोरं घेऊन गेलो की आपली पोरं साधनांत कमी पडतात हेच बघत आलो. त्या सकाळी पहिल्यांदा असं झालं की साधन आमच्याकडे जगातल्या कोणाही इतकं होतं आणि पोरांचे पाय त्यासाठी जन्मापासून तयार होते. हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही. २०२४ च्या जानेवारीत दीवला घोघला किनाऱ्यावर बीच गेम्स झाले, त्यात पदकांत पहिला आला मध्य प्रदेश. आमचा शेजारी, आणि त्यालाही समुद्र नाही. तिथे बीच सॉकरच्या अंतिम सामन्यात महाराष्ट्र होता, लक्षद्वीपकडून ५-४ असा हरला. महाराष्ट्राचा संघ निवडताना कोणी वैनगंगेच्या, वर्धेच्या, कन्हानच्या काठावर येऊन बघावं, एवढंच माझं म्हणणं आहे. निवड चाचणी कधी आणि कुठे असते, हे विचारणारं पत्र मुख्याध्यापकांच्या सहीने जिल्हा क्रीडा कार्यालयाला पाठवलं आहे. सोबत मैदानाचं मापही जोडलं आहे.

साडेआठला आम्ही नवार गुंडाळायला घेतली. जाळी ज्यांची त्यांनी खांद्यावर टाकून नेली. तेवढ्यात पलीकडच्या, आरमोरीच्या बाजूच्या काठावरून पाच-सहा पोट्टे उथळ पाण्यातून चालत आले. ते बराच वेळ तिकडूनच बघत होते म्हणे. त्यांच्यातल्या मोठ्याने विचारलं, "आमची टीम घेता का जी गुरुजी?" मी होकार देण्याआधीच आमची पोरं त्यांच्यासाठी नाव शोधायला लागली होती. कोरिंथियन्स ठरलं. पुढच्या रविवारी सामना आहे, नवार आमची आणि बांबू त्यांचे.