अडकलं नव्हतं ते

जपानी सिनेमांना मराठी सबटायटल्स लिहिते मी. फिल्म क्लबच्या खेळाला प्रोजेक्शन रूममध्ये बसून, कळ दाबून एकेक ओळ सोडायचं कामही माझंच. त्या रविवारी किहाची ओकामोतोंचा १९६६ चा कृष्णधवल ‘दाइबोसात्सु तोगे’ होता. तोगे म्हणजे खिंड. त्या खिंडीत प्रार्थना करणाऱ्या म्हाताऱ्या यात्रेकरूला तलवारबाज सामुराई र्‍यूनोसुके विनाकारण कापतो, तिथून गोष्ट सुरू होते.

सगळ्यात जास्त रखडले होते ते एका शब्दापाशी. र्‍यूनोसुके तलवारीचं टोक खाली सोडून नुसता उभा राहतो, समोरच्याच्या पात्याला आपलं पातं भिडूच देत नाही. या ‘ओतोनाशी नो कामाए’ला म्हणायचं काय? ‘मूक’ लिहून खोडलं. ‘नीरव’ फारच कवितेतलं. शेवटी ‘बिनआवाजी पवित्रा’ ठेवलं. पडद्यावर त्याचं काम करणाऱ्या तात्सुया नाकादाईचे ते विझलेले डोळे दिसले आणि शब्द बसला म्हणून बरं वाटलं.

शेवट क्योतोच्या शिमाबारात, कलावंतिणींच्या वस्तीत. मेलेल्यांच्या सावल्या दिसायला लागतात, तो बांबूचे पडदे कापत सुटतो, मग जिवंत माणसं. संवाद जवळजवळ नाहीतच. माझं बोट कळेवर नुसतं टेकलेलं. रक्तबंबाळ र्‍यूनोसुके पुढचा वार करायला झेपावतो आणि तिथंच चित्र थिजतं.

“अडकलं! अडकलं!” खालून ओरडा झाला. ऑपरेटरदादांचा हात मशीनकडे गेला. मी त्यांचं मनगटच धरलं. “दादा, थांबा. शेवटच आहे हा.”

लोक पांगल्यावर एक आजी जिना चढून वर आल्या.

“अगं, त्या ह्योमाचं काय? यानं मारलेल्या भावाचा सूड घ्यायला एवढी तलवार शिकला ना तो, गुरू झालेल्या त्या मिफुनेकडे?”

मी त्यांना खुर्ची दिली. सिनेमा ज्या कादंबरीवरून घेतला ती काइझान नाकाझातोंनी १९१३ मध्ये वर्तमानपत्रात सुरू केली, जवळजवळ तीस वर्षं लिहिली. ४१ खंड झाले. १९४४ मध्ये ते गेले तेव्हाही ती अपुरीच होती. सिनेमा अर्धवट सोडला अशी तक्रार मी पुष्कळदा ऐकते. मला ती पटत नाही. ज्याला थांबता येतच नाही, त्याला वाराच्या मध्यावर सोडणं हेच खरं.

“तू वाचलंस सगळं?”

“चौथ्या खंडावर आहे, आजी.”

त्यांनी पर्समधून पेन काढलं, तिकिटामागं फोन नंबर लिहिला. “ह्योमाचं काय झालं ते कळलं की सांग मला.”