पूर, मगर आणि कॅलेंडर

ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदीला पूर आला तेव्हा मी बडोद्यात एका गुजराती वृत्तवाहिनीसाठी रिपोर्टिंग करत होतो. पाणी 37 फुटांपर्यंत चढलं होतं. सखल भागांत दहा-बारा फूट पाणी, काळाघोडा पूल बंद, दूध नाही, वीज नाही. आणि अहमदाबादच्या डेस्कवरून दर अर्ध्या तासाला फोन: ‘मगर मळ्यो के नहीं?’ (मगर मिळाली की नाही?)

त्यांचा हिशेब मला कळत होता. बडोद्याच्या अकोटा भागात एका घराच्या छपरावर चढून बसलेल्या मगरीचा व्हिडिओ देशभर फिरत होता. बुडालेली गल्ली सगळ्या शहरांत सारखीच दिसते. छपरावरची मगर दिसली की बघणारा चॅनेल बदलत नाही. पण विश्वामित्रीत चारशेहून जास्त मगरी आहेत आणि त्या नदीतच राहतात, हे बडोद्याच्या शाळकरी पोरालाही माहीत आहे. शहरानं नदीची कोतरं, म्हणजे घळी, बुजवून घरं बांधली. पाणी आपल्या जुन्या वाटेनं आलं आणि मगरी पाण्याबरोबर आल्या. स्क्रीनवरची पट्टी मात्र ‘मगरींचा धुमाकूळ’ म्हणत होती.

मदतीच्या बोटीतून आम्ही समा भागातल्या एका सोसायटीत शिरलो. पहिल्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका राहत होत्या. कॅमेरा बघून त्या म्हणाल्या, ‘मगर बघायला आलात ना? इथे नाही हो. पुढे जा.’

मी म्हटलं, ‘काकू, तुम्हाला काय सांगायचंय ते सांगा.’

त्यांनी भिंतीवरचं कालनिर्णय काढून माझ्या हातात दिलं. दुधाचा हिशेब लिहायच्या चौकोनात बारीक, टोकदार अक्षरांत नोंदी होत्या: चार वाजता तिसरी पायरी. सव्वापाच, पाचवी. त्याखाली ‘पाऊस बंद’, आणि त्याच्याही खाली सहावी, आठवी, नववी पायरी, प्रत्येकीसमोर वेळ.

‘पाऊस थांबल्यावर चार पायऱ्या चढलं,’ त्या म्हणाल्या. ‘वरून किती सोडताय, कधी सोडताय, ते आधी सांगा ना. खाली माझी आटाचक्की होती, पुस्तकं होती. दोन तास मिळाले असते तर सगळं वर आणलं असतं.’

नदी पावागडाकडून येते. वरचं पाणलोट क्षेत्र भरलं, आजवा सरोवर भरलं, की तिथलं पाणी नदीत येतं आणि शहराला उशिरा भिडतं. पिण्याच्या पाण्यासाठी सयाजीराव महाराजांनी बांधलेलं हे सरोवर. त्या दिवशी त्याच शहरात लोक पिण्याच्या पाण्याची बाटली मागत होते. मला खरी बातमी ही वाटत होती, आणि आजही वाटते. किती पाणी सोडलं, कोणाला कळवलं, किती आधी कळवलं, हे सगळं विचारता येण्यासारखं होतं, आणि काकूंच्या भिंतीवर त्याचा पुरावा होता.

दीड मिनिटाचं पॅकेज पाठवलं. डेस्कनं सुरुवातीला अकोट्याची मगर जोडली, मधे वनखात्याची बाईट टाकली, आणि कॅलेंडर शेवटी चार सेकंद दिसलं. अक्षरं वाचताही आली नाहीत. नऊच्या बुलेटिनला तेवढंही उडालं, वेळ कमी पडला म्हणून.

मग लाइव्ह आला. अँकरनं विचारलं, ‘लोकांमध्ये मगरींची किती दहशत आहे?’ मी सांगितलं, ‘वनखातं मगरी पकडतंय, त्याचं काम चोख चाललंय. लोकांना भीती पाण्याची आहे,’ आणि फोनमधल्या फोटोवरून पायरी अन् वेळ, पायरी अन् वेळ, सगळ्या नोंदी वाचून दाखवल्या. लाइव्हला कात्री लागत नाही. कानातून ‘रॅप कर, रॅप कर’ ऐकू येत होतं. मी नवव्या पायरीपर्यंत वाचलं.

ती क्लिप कोणीतरी सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. रात्रभर लोकांनी आपापल्या भिंतींचे, जिन्यांचे, मीटरच्या पेट्यांचे फोटो वेळेसकट पाठवले. समा, फतेहगंज, अकोटा, मुजमहुडा, वडसर. नदीच्या वरच्या अंगापासून खालपर्यंत ते क्रमानं लावल्यावर पाणी कुठे केव्हा पोचलं, हे कुठल्याही ग्राफिकशिवाय दिसत होतं.

ती बातमी दुसऱ्या दिवशी रात्री अकराला गेली, पूर्ण अडीच मिनिटं. पहिली बातमी मगरींचीच होती. त्या तीन दिवसांत वनखात्यानं वस्तीतून 24 मगरी बाहेर काढल्या. काकूंना मी लिंक पाठवली. त्यांचं उत्तर आलं: ‘पाहिलं. आता महापालिकेला विचारायला कधी जाताय?’