दोन तास आणि तीस मिलिग्रॅम

एकतीस डिसेंबरच्या नाकाबंदीत रांगेतल्या प्रत्येकाला सरसकट 'फुंका' म्हणतात. मोटार वाहन कायद्याचं कलम २०३ वाचलं तर क्रम वेगळा दिसतो: गणवेशातल्या अधिकाऱ्याला आधी दारू पिऊन गाडी चालवल्याचा वाजवी संशय यायला हवा, मग श्वास तपासणारं यंत्र. तोंडाचा वास किंवा अडखळती जीभ संशयाला पुरते. पण गाडी थांबवली एवढ्यावरून संशय सिद्ध होत नाही, आणि इथे पोलिसांची सवय कायद्याच्या पुढे धावते असं माझं मत आहे.

मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोलची. यंत्र मात्र रक्त मोजत नाही. श्वासातलं अल्कोहोल मोजून साधारण २१०० पटीच्या गुणोत्तराने रक्ताचा अंदाज बांधतं. नुकताच घेतलेला घोट, माउथवॉश किंवा होमिओपॅथीचा अर्क तोंडात असेल तर फुप्फुसातल्या हवेऐवजी तोंडातली वाफच मोजली जाते. चूळ भरून पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंकलं की हा खोटा आकडा ओसरतो. अटकेनंतर ठाण्यात पुन्हा फुंकायची संधी कायद्यातच आहे, ती जरूर मागावी. नळी समोर फोडलेल्या पाकिटातली हवी, फुंकण्याआधी पडद्यावर शून्य दिसायला हवं, आणि पावतीवरची वेळ तपासावी.

नकार देण्यात शहाणपण नाही. संशय असेल तर वॉरंटविना अटक होते, रक्त मागितलं जातं आणि कलम २०५ नुसार नकारच अंगाशी येतो. स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याचा घटनात्मक हक्क इथे फारसा कामाचा नाही: मुंबई राज्य विरुद्ध काथी कालू ओघड (१९६१) या खटल्यात बोटांचे ठसेसुद्धा 'साक्ष' ठरले नाहीत.

खरी गोम वेळेत आहे. कलम १८५ खाली, म्हणजे दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल, अटक झालेल्याची दोन तासांत डॉक्टरकडून तपासणी झाली नाही, तर त्याला सोडावं लागतं. अट आरोपीच्या बाजूची वाटते, पण पुराव्यालाही तीच वाचवते. रक्तातलं अल्कोहोल तासाला साधारण १५ ते २० मिलिग्रॅमने उतरतं. रक्तात ५० मिलिग्रॅम असलेला माणूस दोन तासांत ३० च्या आत येतो. उलट शेवटचा पेग नुकताच रिचवला असेल तर आकडा अजून चढतीवर असतो, म्हणजे चाचणीत स्टिअरिंगवर होता त्याहून जास्त दिसू शकतो.

रक्त घेताना कातडी स्पिरिटने पुसली तर बचावाच्या वकिलाला आयता मुद्दा मिळतो. बाटलीत जंतूंना रोखणारं सोडियम फ्लोराइड नसेल तर जंतू नमुन्यातच साखरेचं अल्कोहोल करू शकतात. आणि डॉक्टर पुरुष, आरोपी स्त्री असेल तर दुसरी स्त्री हजर असल्याशिवाय नमुना घेता येत नाही.

हे सगळं टाळून नुसत्या बाह्य लक्षणांवर खटला रेटायचा प्रयत्न पूर्वी झालाय. बच्चूभाई कारियानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९७१) या खटल्यात वास, डळमळती चाल आणि विस्फारलेल्या बाहुल्या, तिन्ही होतं. रक्त-लघवीची तपासणी नव्हती, आणि सर्वोच्च न्यायालयाला तेवढं पुरलं नाही.