पाच माद्यांतले तीन नर

तीन वर्षांपूर्वी सांगलीतल्या एका दुकानातून मी केनयी जातीचे सहा मासे आणले, तेव्हा त्यांतला एक पिवळा आणि बाकीचे पाच फिकट निळे, गडद उभ्या पट्ट्यांचे होते. केनयीत पिवळा तो नर आणि निळी ती मादी, तेव्हा एका नराला पाच माद्या असा संच शोधूनही मिळायचा नाही, असे दुकानदाराने सांगितले. त्याचा नियम बरोबरच होता. चुकले ते माशांचे वय. आफ्रिकेतील मलावी सरोवराच्या खडकाळ काठाने राहणाऱ्या, सिक्लिड कुळातल्या या माशांची पिल्ले, नर असोत वा मादी, सगळी निळीच असतात आणि नराचा पिवळा रंग साधारण दोन-अडीच इंचांच्या पुढे उतरू लागतो. चार महिन्यांत माझ्या तीन 'माद्या' पिवळ्या झाल्या. तीन फुटी टाकीत चार नर आणि दोनच माद्या अशी स्थिती झाली आणि सर्वांत लहान नर एका सकाळी फिल्टरमागे, पर कुरतडलेल्या अवस्थेत मेलेला सापडला. 'आमच्याकडे माद्यांचे नर झाले,' असे वडील आल्यागेल्याला कौतुकाने सांगत. वस्तुतः त्या पहिल्यापासून नरच होत्या.

रंगावर विसंबू नये याला आणखी एक कारण आहे. दबलेला नर पुष्कळदा मादीसारखाच फिका राहतो, कारण पिवळा रंग धारण करणे म्हणजे टाकीतल्या दादाला आव्हान देणे. शिवाय जात बदलली की नियमही उलटतो: ऑरॅटसमध्ये पिवळ्या अंगावर काळे पट्टे असलेली ती मादी आणि काळपट पडतो तो नर, तर इलेक्ट्रिक यलोमध्ये दोघेही पिवळेच. पोटाखालच्या मागच्या परावर दिसणारे अंड्यांसारखे गोल ठिपके नरात अधिक ठळक असतात हे खरे, पण ते माद्यांनाही असतात.

खात्रीचा मार्ग म्हणजे मासा उलटा करून पाहणे. हात आधी ओला करावा, मासा जाळ्यातून तळव्यावर पोट वर करून घ्यावा आणि काही सेकंदांत परत पाण्यात सोडावा. पोटाखाली दोन छिद्रे दिसतात. डोक्याकडचे गुदद्वार आणि शेपटीकडचे जननछिद्र. दोन्ही जवळजवळ सारखी असतील तर नर, मागचे स्पष्टपणे मोठे आणि गोल असेल तर मादी. दोन इंचांखालच्या माशात हे मला आजही नीट जमत नाही. याहून पक्का पुरावा मासा स्वतःच देतो: घसा फुगवून, तोंड मिटून, खाणे सोडून कोपऱ्यात राहणारी ती मादी, कारण अंडी आणि पिल्ले ती सुमारे तीन आठवडे तोंडातच सांभाळते.

एंजल मासाही सिक्लिडच, पण तिथे नुसती अंडी दिसली म्हणून जोडी जमली असे मानू नये. माझ्या मावसभावाकडची 'जोडी' वारंवार अंडी घालत असे आणि दर वेळी ती पांढरी पडत. शेवटी कळले की दोघीही माद्याच होत्या.

एकत्र ठेवण्याचा प्रश्न जातीच्या स्वभावाने सुटतो. काँव्हिक्ट या सिक्लिडमध्ये नर-मादी मिळून पिल्ले राखतात, म्हणून त्यांची एकच जोडी लहान टाकीत स्वतंत्र ठेवावी. पोटावर नारिंगी झाक असलेली ती मादी, हे तिथे सहज ओळखता येते. केनयीत मात्र जोडी ठेवणे हा मादीवर अन्यायच, कारण नराचा सगळा रोख तिच्या एकटीवर येतो. एका नरामागे किमान चार-पाच माद्या असल्या की तो रोख वाटला जातो. आता माझी टाकी चार फुटी असून तिच्यात एक नर आणि सहा माद्या आहेत. कृष्णाकाठचे काळे गोटे आधी थेट तळाशी बसवून मगच वाळू घातली, कारण हे मासे वाळू उकरतात आणि वाळूवर रचलेला दगड कलंडतो. नवीन मासा सोडताना दगडांची रचना मुद्दाम मोडतो, म्हणजे जुन्यांच्या हद्दी पुसल्या जातात. बादलीवर पांढरा थर बसवणारे आमच्या बोअरचे जड पाणी घरात सर्वांना नकोसे असले, तरी मलावीच्या माशांना ते मानवते. त्रास होतो तो मे महिन्यात: पाणी तापले की त्यातला प्राणवायू कमी होतो आणि त्यातच वीज गेली तर बॅटरीवरचा हवेचा पंप हाताशी असावा लागतो.

फेब्रुवारीत एका मादीने तोंडातून सोडलेली अकरा पिल्ले सध्या वेगळ्या टाकीत आहेत, अकराही निळी. शेजारच्या मुलाला त्यांतली 'एक जोडी' हवी आहे. त्याला दिवाळीपर्यंत थांबायला सांगितले आहे.