रांगेतली जागा आणि भुताची वेळ: ऑरलँडोच्या हॉलोवीन हॉरर नाइट्स

ऑक्टोबरात ऑरलँडोला जाणाऱ्यांची पहिली चूक तिकिटाची असते. तिथल्या युनिव्हर्सल स्टुडिओज फ्लोरिडा या थीम पार्कचं दिवसाचं तिकीट काढलं म्हणजे रात्रीची भुतंही त्यातच आली, असं धरून चालतात. तसं नाही. हॉलोवीन हॉरर नाइट्स म्हणजे हॉलोवीनच्या हंगामात त्याच पार्कात रात्री चालणारा भुताखेतांचा खेळ, आणि त्याचं तिकीट वेगळं असतं. एका रात्रीचं तिकीट ठरलेल्या तारखेचंच असतं आणि पाऊस पडला म्हणून पैसे परत मिळत नाहीत. पार्क दिवसाच्या लोकांसाठी पाच वाजता बंद होतं, साडेसहाला रात्रीसाठी पुन्हा उघडतं आणि बहुतेक वेळा दोनपर्यंत चालतं. दर तारखेप्रमाणे बदलतात. सप्टेंबरातला बुधवार त्यातल्या त्यात स्वस्त पडतो, तर ऑक्टोबरातला शनिवार त्याच्या बराच वर जातो आणि कधीकधी आधीच संपूनही जातो.

१९९१ साली हा प्रकार फ्राइट नाइट्स या नावाने तीन रात्रींपुरता सुरू झाला. भूतबंगला एकच होता, तोही एका राइडच्या रांगेसाठी बांधलेल्या जागेत बसवलेला. पुढच्या वर्षी आजचं नाव आलं. आता ऑगस्टच्या अखेरीपासून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत निवडक रात्री हा खेळ चालतो. साधारण दहा भूतबंगले, रस्त्यांवर पाच स्केअर झोन, म्हणजे भुतं मोकळी फिरतात असे भाग, आणि एखाद-दोन शो. नेहमीची मंडळी भूतबंगल्याला नुसतं ‘घर’ म्हणतात, म्हणून पुढे मीही घरच म्हणतो.

एका घरातून चालायला तीन ते पाच मिनिटं लागतात. ऑक्टोबरातल्या शनिवारी त्याच घराबाहेर दीड-दोन तास उभं राहावं लागू शकतं. म्हणजे रात्रीचा हिशेब सगळा रांगेचा आहे. साडेसहाला मुख्य दारातून आत आलात आणि समोर दिसेल त्या पहिल्या घराच्या रांगेत उभे राहिलात, तर रात्रीत चार-पाच घरं होतील, फार तर सहा.

यावर खरा उतारा म्हणजे स्टे अँड स्क्रीम. दिवसाचं तिकीट आणि रात्रीचं तिकीट दोन्ही असतील, तर पाच वाजता बाहेर पडायचं नाही. पार्कातच ठरलेल्या थांब्यांवर जाऊन बसायचं. तिथे रात्रीचं तिकीट तपासतात आणि साडेसहाच्या आधीच जवळची काही घरं उघडून देतात. मुख्य दारातली गर्दी आतपर्यंत पोहोचते तोवर दोन-तीन घरं पदरात पडलेली असतात. दोन गोष्टी मात्र आधी बघा. दिवसाचं तिकीट युनिव्हर्सल स्टुडिओजच्याच बाजूचं हवं, शेजारच्या आयलंड्स ऑफ ॲडव्हेंचर पार्कचं इथे चालत नाही. आणि कुठल्या थांब्याजवळ कोणती घरं आहेत हे दर वर्षी बदलतं, तेव्हा त्या वर्षीचा नकाशा ॲपवर बघूनच थांबा निवडा. साडेचारला निवांत कॉफी घेत बसलात आणि मग थांबा शोधायला निघालात, तर तिथेही मोठी रांग लागलेली असते.

साडेसात ते अकरा हा सगळ्यात वाईट काळ. या वेळात शो बघा, जेवून घ्या, स्केअर झोनमधून हिंडा, चालू असलेल्या राइडमध्ये बसा. बारानंतर गर्दी ओसरू लागते आणि शेवटच्या तासात नावाजलेली घरंही आवाक्यात येतात. नावाजलेली म्हणजे चित्रपटावर, मालिकेवर किंवा गेमवर बेतलेली. रांग तिथेच सगळ्यात लांब लागते. युनिव्हर्सलच्या लोकांनी स्वतःच्या डोक्यातून रचलेली घरं माझ्या मते बहुधा त्याहून सरस असतात. तिथे पुढे काय येणार हे कोणालाच माहीत नसतं आणि रांगही तुलनेने आटोपशीर असते. वेळ एकाच घरापुरता उरला असेल, तर असलंच एखादं निवडा.

एक्सप्रेस पास, म्हणजे वेगळ्या छोट्या रांगेतून आत नेणारा पास, विकत मिळतो आणि तो प्रत्येक घराला एकदाच चालतो. गर्दीच्या रात्री त्याची किंमत खुद्द तिकिटापेक्षा जास्त होते, शिवाय मोठ्या घरांबाहेर एक्सप्रेसलाही थोडं थांबावं लागतंच. सप्टेंबरातला बुधवार किंवा गुरुवार असेल तर पैसे वाचवा. ऑक्टोबरातला शुक्रवार-शनिवार असेल आणि दहाही घरं बघायचीच असतील, तर दुसरा इलाज नाही.

आता घराच्या आतलं. आपल्याकडचा मुंजा पिंपळावर बसून एकट्यादुकट्या वाटसरूची वाट बघतो. इथल्या भुताला रात्रभर न तुटणारी रांग मिळते, एकामागे एक, मुंग्यांसारखी. जत्रेतल्या भूतबंगल्यात घोळक्या-घोळक्याने आत सोडतात, इथे तसं नाही. त्यामुळे कलाकार प्रत्येकाला घाबरवूच शकत नाही. तो भिंतीतल्या एका खोबणीत उभा असतो. पुढे काळा पडदा, खिडकी किंवा सरकणारी फळी. पायाखाली किंवा हाताशी एक बटण असतं. ते दाबलं की प्रकाश भडकतो, आवाजाचा दणका बसतो आणि त्याच क्षणी तो बाहेर झेपावतो. दोन सेकंदांत परत आत, आणि पुन्हा तयार. तुम्ही त्या दोन सेकंदांत समोर आलात तर किंचाळाल. एक पाऊल उशिरा आलात तर हलणारा पडदा तेवढा दिसेल.

यातली हातचलाखी बघण्यासारखी असते. डावीकडे उजेडात एखादं प्रेत टांगलेलं असतं, चांगलं निगुतीने बनवलेलं. डोळे तिकडे जातात. झडप उजवीकडच्या अंधारातून येते. आणि ती बहुधा बाजूने किंवा किंचित मागून येते, समोरून क्वचितच. घाबरलेला माणूस पुढे पळाला पाहिजे. तो मागे वळला तर मागची सगळी रांग तुंबते.

म्हणून घाबरायचंच असेल तर अंतर ठेवायला शिका. पुढच्या माणसाच्या पाठीला चिकटून चाललात, तर त्याच्यावरची झडप तुमच्या डोळ्यांदेखत होते आणि तुमची हवा निघून जाते. वळणावर किंचित हळू व्हा, पाच-सहा पावलांचं अंतर पडू द्या, मग चाला. थांबू मात्र नका. टॉर्च घेतलेले कर्मचारी लगेच पुढे सरका म्हणतात आणि ते बरोबरच आहे. ज्यांना घाबरायचं नाही त्यांनी उलट करावं. उंच माणसाच्या मागे चिकटून चालायचं आणि नजर त्याच्या खांद्यावर ठेवायची.

कलाकार आळीपाळीने काम करतात. अदलाबदलीच्या सुमारास आत गेलात तर एक-दोन खोबण्या रिकाम्या लागतात आणि घर थंड वाटतं. तेच घर तासाभराने अंगावर येतं. एका फेरीवरून घराला नावं ठेवणारे पुष्कळ भेटतात, त्यांचं फार मनावर घेऊ नका.

हात लावणं दोन्ही बाजूंनी वर्ज्य. ते तुम्हाला धरत नाहीत, तुम्हीही त्यांना ढकलायचं नाही. दचकून हात उगारणाऱ्यांनी हात खिशात ठेवलेले बरे. आत फोटो, व्हिडिओ, मोबाइलचा टॉर्च काहीही चालत नाही. मधेच असह्य झालं तर जवळच्या कर्मचाऱ्याला सांगा, ते बाजूच्या दाराने बाहेर काढतात. स्ट्रोब लाइट, म्हणजे भराभर उघडझाप करणारा दिवा, जवळजवळ सगळीकडे असतो आणि धूर दाट सोडतात. फिट्सचा त्रास असणाऱ्यांनी आणि गरोदर बायकांनी इथे जाऊच नये. दमा असेल तर पंप खिशात हवा, हॉटेलवरच्या बॅगेत नको.

रस्त्यावरच्या स्केअर झोनमध्ये करवतवाले फिरतात. करवतीचं इंजिन खरं, पेट्रोलचा वास खरा, फक्त साखळी काढलेली. पळालात की मागे लागणारच, त्यांना तेच हवं असतं. नेहमीच्या चालीने चालत राहिलात तर ते दुसरं गिऱ्हाईक बघतात. पाऊस आला की रस्त्यावरचे कलाकार आत जातात आणि झोन म्हणजे नुसता ओला रस्ता उरतो.

आणि पाऊस येतो. फ्लोरिडाचा सप्टेंबर म्हणजे आपल्या कोकणातल्या मे अखेरीसारखा, चिकट, घामट, संध्याकाळी विजांसह कोसळणारा. घडीचा पातळ रेनकोट खिशात ठेवा. छत्री रांगेत मागच्याच्या डोळ्यात जाते. सर पडून गेल्यावर पुष्कळ लोक कंटाळून घरी जातात. जे थांबतात त्यांना पुढचे दोन तास मोकळ्या रांगा मिळतात. चक्रीवादळाचा हंगामही हाच. २०२२ मध्ये इयान आणि २०२४ मध्ये मिल्टन आलं तेव्हा रात्री रद्दच झाल्या होत्या. विमानाचं तिकीट आणि भुताची रात्र यांच्यात एक-दोन दिवस मोकळे ठेवलेत तर बरं.

चष्मेवाल्यांसाठी खास. स्टुडिओच्या इमारतीतली घरं एसीने गार असतात आणि बाहेरची हवा दमट. दारातून बाहेर पाऊल टाकलं की काचांवर वाफ धरते आणि नेमका तिथेच शेवटचा करवतवाला उभा असू शकतो. सुती रुमाल हाताशी ठेवा, टिश्यूने नुसतं फासलं जातं. बूट बंद आणि पायाला सरावलेले घाला, नवे अजिबात नकोत. सात-आठ तास पायांवर काढायचे असतात. वेशभूषा आणि मुखवटा चालत नाही, हॉलोवीन असलं तरी.

खाण्यात इथे पिझ्झा फ्राइजचा मोठा बोलबाला आहे. तळलेल्या बटाट्यांवर पिझ्झाचा सॉस आणि वितळलेलं चीज. शाकाहारी असाल तर वर पेपरोनी घालतात का हे ऑर्डर देण्याआधी विचारा, नुसतं ‘नो मीट’ म्हणून भागेलच असं नाही. रात्री नऊच्या सुमाराला स्टॉलवरही रांगा लागतात, त्यामुळे आधी किंवा साडेदहानंतर खा. दारू मिळते, वय २१ लागतं आणि ओळखपत्र मागतात. भारतातून आलेल्यांनी पासपोर्टच जवळ ठेवावा.

मुलांचं काय, हा प्रश्न प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर येतो. तेराच्या खालच्यांना आणू नका, असं युनिव्हर्सल स्वतःच सांगतं. दारात अडवत नाहीत, पण आठ वर्षांच्या मुलाला हे दाखवण्यात शहाणपणा नाही. त्याच गावात डिस्नेच्या मॅजिक किंगडममध्ये मिकीज नॉट-सो-स्केअरी हॉलोवीन पार्टी असते. तिथे पोरांना वेशभूषा करून चॉकलेटं गोळा करता येतात. तिकीट तिथेही वेगळंच, पण चार वाजल्यापासून आत सोडतात आणि बाराला सगळं आटपतं.

पुण्या-मुंबईहून ऑरलँडो लांब वाटत असेल, तर सेंटोसा बेटावरच्या युनिव्हर्सल स्टुडिओज सिंगापूरमध्ये २०११ पासून याच नावाचा कार्यक्रम होतो. घरं कमी, पण रांगेचं गणित तेच.

पार्किंगचं एक सांगायचं राहिलं. एरवी संध्याकाळी सहानंतर गॅरेज फुकट असतं, या रात्रींना नसतं. गाडी लावल्यावर मजला, रांग आणि त्या भागाला दिलेलं चित्रपटाचं नाव यांचा फोटो काढून ठेवा. दोनच्या आधी शेवटच्या रांगेत शिरलात तर घर दाखवूनच सोडतात, म्हणजे बाहेर पडायला अडीच होतात. त्या वेळी अख्खं गॅरेज लोकांनी भरलेलं असतं, आणि त्यातले निम्मे किल्लीचं बटण दाबत आपली गाडी कुठून पुकारतेय ते ऐकत उभे असतात.